झुलालनानांची मानाची यादी

भडगावच्या बाजारपेठेत आमचं कापडाचं दुकान आहे. उजव्या बाजूला माझे वडील झुंबरलाल शेठ टॉवेल-टोप्या विकतात आणि डाव्या बाजूला मी, म्हणजे जिनेश, संगणक आणि प्रिंटर मांडून लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देतो. वडिलांना माझा धंदा आजवर पटलेला नाही. टॉवेल गिऱ्हाइकाच्या हातात पडतो, फॉर्म कुठं जाऊन पडतो ते कुणालाच कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. बऱ्याच वेळा ते खरं निघतं, म्हणून मी वाद घालत नाही.

टॉवेल-टोपी हा आमच्या खानदेशात मोठा विषय आहे. लग्नात अक्षता पडायच्या आधी माइकवर एकेकाचं नाव पुकारतात आणि त्या पाहुण्याच्या खांद्यावर टॉवेल, डोक्यावर टोपी घालून त्याचा मान करतात. टोपी डोक्यात जात नाही, टॉवेल पाणी टिपत नाही, आणि पाहुणा दोन्ही घरी नेऊन पुढच्या लग्नात दुसऱ्या कुणाला तरी घालतो. आमच्या दुकानातला एक गुलाबी काठाचा टॉवेल मी स्वतः चार लग्नांत ओळखला आहे. पण तोच टॉवेल मिळाला नाही, किंवा उशिरा मिळाला, तर माणूस जेवणातली वरण-बट्टी न खाता मांडवातून उठून जातो आणि पुढं दोन-चार वर्षं तोंड दाखवत नाही. मुहूर्त टळलेला चालतो, नावांचा क्रम चुकलेला चालत नाही.

हा क्रम लावणारा माणूस म्हणजे झुलालनाना.

नानांचं वय चोपन्न. गिरणेच्या काठच्या गावात आठ एकर जमीन, कापूस आणि मका. शेती त्यांच्या पत्नी कमलबाई बघतात, असं गाव म्हणतं आणि कमलबाई तर म्हणतातच. नाना मानाची यादी बघतात. आसपासच्या पन्नास गावांत कुणाचं लग्न जमलं की मांडववाल्याच्या आधी नानांना निरोप जातो. वही नाही, डायरी नाही, सगळं डोक्यात. कुणाचा मामा कुणाच्या साडूच्या आधी येतो, कोणता चेअरमन आजी, कोणता माजी, आणि माजी असला तरी त्याला आजीसारखं कसं पुकारायचं, हे नानांना पाठ. एकदा एका घरचे दोन जावई, कोण मोठा यावर हटून बसले. नानांनी दोघांची नावं एका दमात घेतली, दोन बाजूंनी दोन माणसं पाठवली आणि एक, दोन, तीन म्हणून दोन्ही टोप्या एकाच क्षणी बसवल्या. मांडवानं टाळ्या वाजवल्या. मी तिथंच होतो, टोप्या आमच्याच होत्या.

मी नानांना हसतो, पण खरं सांगायचं तर मला त्यांचा धाकही आहे. दुकानात आले की वडील स्वतः उठून त्यांना खुर्ची देतात. माझ्यासाठी ते खुर्चीवरून हलतसुद्धा नाहीत.

अशा माणसाचीही एकदा चूक झाली. सावद्याला एका लग्नात नवरीच्या मामाची गाडी वाटेत बंद पडली, नाना तिकडं धावले, आणि त्यांच्या मागं माइकवाल्यानं त्यांचे व्याही सुकदेवआबा यांचं नाव तिसरं घेतलं. सुकदेवआबा म्हणजे नानांची थोरली मुलगी रूपा, तिचे सासरे. दोंडाईच्याजवळच्या एका खेड्यातले वजनदार गृहस्थ. आबा शांतपणे उठले आणि उपाशी निघून गेले. पुढं आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आली. गावोगावच्या लेकी माहेरी आल्या, झोके बांधले गेले, आणि रूपा आली नाही. सासऱ्यांनी नाही म्हटलं नव्हतं, फक्त हो म्हटलं नव्हतं. कमलबाईंनी तेवढे चार दिवस नानांना जेवायला वाढलं, पण ताटाकडं बघून वाढलं. नानांनी तेव्हाच मनाशी ठरवलं असावं की या जन्मात सुकदेवआबांचं नाव पुन्हा पहिल्याच्या खाली जाणार नाही.

आता धाकटी, पुनम. तिला दहावीला शहाण्णव टक्के पडले. मुलगी कमी बोलणारी. सातवीत असताना तिनं आजारी बकरीच्या पिल्लाला वेळेवर औषध पाजून जगवलं होतं आणि त्याचा तक्ता भिंतीवर कोळशानं लिहून ठेवला होता. डॉक्टर व्हायचं हे तिनं तेव्हाच सांगून टाकलं, आणि घरानंही ते मान्य केलं होतं. प्रश्न एवढाच होता की अकरावी-बारावी कुठं करायची. नीटची परीक्षा दोन वर्षांनी. ही दोन वर्षं ज्या गावात गेली ते गाव मुलाला तारतं किंवा मारतं, असं आमच्याकडं सगळे म्हणतात, विशेषतः ज्यांची मुलं कुठंच गेली नाहीत ते.

पुनमचा निकाल लागल्यापासून नानांच्या ओट्यावर रोज बैठक बसू लागली. कुणी म्हणालं लातूर. कुणी म्हणालं कोटा. ग्रामपंचायतीच्या शिपायानं हैदराबाद सांगितलं, त्याला तिथली बिर्याणी आवडली होती. जळगावला चांगली कॉलेजं, चांगले क्लास, गाडीनं दीड तास, म्हणून बहुतेकांचा कल जळगावकडं. धुळ्याचंही नाव एकदा निघालं, पण चहा आला आणि विषय राहून गेला. नानांची कसोटी एकच होती.

"लातूरले आपलं कोन शे?" ते अहिराणीत विचारायचे. "कोटाले ते आपला पाहुना बी कधी गया नही. पोर आजारी पडनी ते कोन देखी?"

कमलबाईंचंही हेच मत. पोर जेवते की नाही हे बघायला आपलं माणूस हवं. पुनम आतल्या खोलीत चहाचे कप विसळत असायची.

मग एक दिवस नाना पुनमला घेऊन दुकानात आले. अकरावीचा फॉर्म आता सगळ्या राज्याचा एकच, ऑनलाइन. त्यात कॉलेजांच्या पसंतीचे दहा रकाने असतात. मी संगणक चालू केला, पुनमनं प्लॅस्टिकच्या पिशवीतून गुणपत्रिका काढून दिली, आणि नानांनी खिशातून एक जुनी लग्नपत्रिका काढली. तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर दहा नावं लिहिली होती.

मी पहिलं नाव वाचलं आणि चष्मा पुसून पुन्हा वाचलं. दोंडाईच्याजवळच्या त्या खेड्यातलं कनिष्ठ महाविद्यालय. सुकदेवआबा त्या संस्थेचे अठरा वर्षांपासूनचे संचालक. दुसरं नाव जळगावचं एक मधलंच कॉलेज, तिथं कमलबाईंचे भाऊ क्लार्क आहेत. तिसरं भडगावचं, कारण तिथले हेडमास्तर निकालाच्या दिवशी पेढे घेऊन घरी आले होते. असं करत करत, जळगावचं जे कॉलेज सगळ्यांत चांगलं म्हणून ओट्यावर गाजत होतं, ते सातव्या नंबरवर होतं.

"नाना," मी म्हणालो, "ही लग्नाची यादी नाही. इथं पहिला नंबर म्हणजे खरोखर पहिला. ते कॉलेज लागलं तर घ्यावंच लागतं. नाही घेतलं तर पुढच्या फेऱ्यांतून नाव बाहेर, आणि मग पार शेवटच्या खुल्या फेरीपर्यंत वाट बघायची. तोवर चांगल्या जागा राहतात की नाही, देव जाणे."

नाना हसले. मला लहान पोराला समजवावं तसं समजावू लागले.

"जिनेशभाऊ, तुमी इतला टोप्या विकतस, तुमले इतलं बी समजस नही? पहिला मान देतस, तो कोनी लगेच घेस का? 'नको नको, आधी त्यासले द्या,' आसंच सांगतस ना? मंग. शहाण्णव टक्कानी पोर देखीसन त्या कॉलेजवाला स्वतः सांगतीन, हाई पोर जयगावले जाऊ द्या. आपला मान बी व्हयना, पोरनं काम बी व्हयनं."

"नाना, हे मशीन ठरवतं. माणूस नाही."

"इतली मोठी मशीन शे. तिले बी समजत व्हई."

मी वडिलांकडं पाहिलं. वडील टॉवेलच्या घड्या घालत म्हणाले, नाना म्हणतात ते बरोबर आहे. मी पुनमकडं पाहिलं. ती पडद्याकडं बघत होती. तिनं तोंड एकदा उघडलं आणि मिटलं. "तिला विचारलंत का?" असं मी नानांना विचारलं, तर ते म्हणाले, "तिले काय इचारनं, ती ल्हान शे." मीही तिला सरळ विचारलं नाही. ही माझी चूक, आणि ती मला अजून टोचते. मी दहाही नावं त्याच क्रमानं भरली आणि बटण दाबलं.

यादी लागली त्या दिवशी नाना पाचोऱ्याच्या बाजूला एका लग्नात माइकवर होते. सकाळी दहाला माझ्या मोबाइलवर मेसेज आला. पसंती क्रमांक एक, मिळाली. मिळणारच. त्या कॉलेजात विज्ञान शाखेला ऐंशी जागा होत्या आणि ज्यांनी ते कॉलेज पहिलं टाकलं होतं असे विद्यार्थी, पुनम धरून, नऊ. मी नानांना फोन लावला. मांडवातल्या गोंगाटात त्यांना एवढंच कळलं की पुनमचा नंबर लागला. त्यांनी ते तिथल्या तिथं माइकवर जाहीर केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुठं लागला, हे मी पुन्हा फोन करून सांगितलं तेव्हा ते माइक तसाच चालू ठेवून खाली बसले, आणि पुढची दोन मिनिटं अख्ख्या मांडवानं नानांचा श्वास ऐकला.

तेवढ्यात सुकदेवआबांचा फोन आला. संस्थेच्या अठरा वर्षांत शहाण्णव टक्क्यांच्या मुलीनं आपलं कॉलेज पहिलं निवडलं असं कधी झालं नव्हतं. आबांनी फोनवर हे तीनदा सांगितलं, असं नाना नंतर म्हणाले. आबांनी सांगितलं की पोरीनं राहायचं कुठं ही चिंता नको, रूपाच्या खोलीला लागूनच खोली आहे. आणि फ्लेक्स छापायला दिला आहे.

त्या संध्याकाळी नाना दुकानात आले तेव्हा वडील उठायच्या आत खाली गादीवरच बसले. प्रवेश पक्का करायला तीन दिवस होते. पक्का केला तर दोन वर्षं तिथं, बहिणीच्या सासरी राहून. नाही केला तर शेवटची फेरी आणि नशीब. आणि नाही कसं म्हणणार? दिलेला मान परत घ्यायचा, तोही व्याह्याचा? ज्या घरात रूपा नांदते त्या घराचा? नाना एवढे घाबरलेले मी कधी पाहिले नव्हते.

"भगवंतानी माले काय बुद्धी दिन्ही," ते म्हणाले. मला राग आला होता, बोलणारही होतो, पण त्यांची खाली गेलेली मान बघून तो गिळला.

दुसऱ्या दिवशी माझ्या गाडीतून आम्ही चौघं निघालो. नाना, कमलबाई, पुनम आणि मी. मला न्यायचं कारण म्हणजे लॅपटॉप. रस्ताभर नाना आबांना सांगायचं वाक्य जुळवत होते. पारोळ्यापर्यंत ते वाक्य "आबा, तुमना मोठा मान शे, पन" इथंवर आलं. धुळे ओलांडलं तरी "पन"च्या पुढं गेलं नाही.

कॉलेजच्या फाटकावर फ्लेक्स लागलेला होता. मधोमध पुनमचा दहावीच्या हॉल तिकिटावरचा फोटो, एवढा मोठा केलेला की तिचे कान फ्लेक्सबाहेर गेले होते. खाली सगळ्या संचालकांचे फोटो, मानाप्रमाणे लावलेले. नाना क्षणभर सगळं विसरून तो क्रम तपासू लागले. बरोबर होता, असं मला हळूच म्हणाले.

आबांनी नानांना टोपी घातली, टॉवेल घातला. मग तीन शिक्षकांची ओळख करून दिली. मराठीचे सर भौतिकशास्त्रही तात्पुरतं सांभाळत होते, गेली सहा वर्षं. जीवशास्त्राची जागा भरायची होती. चहा झाला, पोहे झाले. नानांनी दोनदा घसा खाकरला आणि दोन्ही वेळा पाणी प्यायले. शेवटी पुनमच बोलली. तिनं आबांना विचारलं की प्रयोगशाळा बघायला मिळेल का.

किल्ली शिपायाकडं होती आणि शिपाई लग्नाला गेला होता. अर्ध्या तासानं दुसरी किल्ली सापडली. आत तांदळाची पोती होती, मोडके बाक होते आणि कपाटात एक सूक्ष्मदर्शक, पिवळ्या टॉवेलात गुंडाळलेला. आबांनी टॉवेल सोडून तो कौतुकानं टेबलावर ठेवला. "अजून बी नवा शे," ते म्हणाले. "कोनी हातच लावा नही."

पुनमनं भिंगातून वाकून पाहिलं. मग सरळ उभी राहिली. आवाज चढवला नाही, उद्धटपणा तर नाहीच. खरंच जाणून घ्यायचं असावं तसं विचारलं.

"आबा, स्वप्नीलले आठे काबर नही टाकं?"

स्वप्नील म्हणजे आबांच्या थोरल्या मुलाचा मुलगा, पुनमच्याच वर्षाचा. त्याचं नाव इथं न घालता नाशिकच्या एका क्लासला घातल्याचं मला माहीत होतं, सगळ्यांनाच माहीत होतं. नानांनी डोळे मिटून घेतले. कमलबाईंनी पदर तोंडाला लावला. मराठीचे सर बाहेर निघून गेले, ते परत आलेच नाहीत.

आबा तांदळाच्या पोत्यावर बसले. बराच वेळ त्यांनी त्या पिवळ्या टॉवेलाची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली.

"त्यानी माय बोलनी, पोऱ्यानं वाटोयं नका करू," ते म्हणाले. "मी गप्प बसनू. अठरा साल व्हयनात माले आठे. मना नातूले मी आठे टाकू शकनू नही. मंग व्याहीनी पोरले कसं टाकू?" ते नानांकडं वळले. "व्याही, तुमी मान दिन्हा, माले भेटना. आते हिले ली जा. जठे शिकी तठे टाका."

मला आबांविषयी फार बरं वाटलं. फाटकापर्यंत ते आम्हाला सोडायला आले. गाडीत बसताना नानांच्या कानाशी येऊन म्हणाले, "फक्त फ्लेक्स राहू द्या. पंधरा दिन. गावमा नाव व्हयेल शे." नानांनी पंधराचा महिना करून दिला.

गाडी गावाबाहेर आली आणि नानांच्या अंगात प्राण आला. टोपी सारखी करून ते माझ्याकडं झुकले. "देखं का, जिनेशभाऊ? मी सांगं व्हतं ना? पहिला मान कोनी घेस नही. मशीन चुकनी, मानूस चुकना नही."

मी हसणार होतो. तेवढ्यात मागच्या सीटवरून पुनम बोलली.

"नाना, मी काय टॉवेल शे? ह्याना खांदावर, त्याना खांदावर?"

मी आरशातून एकदा पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती आणि तिचे डोळे भरले होते. कमलबाईंनी तिचा हात धरला होता. नानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती आणि तिच्याकडंच बघत बसले होते.

मग दीड महिना वाट बघणं. गावातली पोरं जळगावला गेली, क्लास सुरू झाले, आणि पुनम घरी जुनी पुस्तकं घेऊन बसली. फेरीमागून फेरी गेली. प्रत्येक फेरीनंतर मी जळगावच्या कॉलेजांच्या रिकाम्या जागा बघायचो आणि नानांना फोनवर आकडा सांगायचो. आकडा कमी व्हायचा तसा नानांचा आवाज कमी व्हायचा. तीन लग्नांची बोलावणी त्यांनी या काळात परत पाठवली. एका मांडवात त्यामुळं मारामारी झाली असं ऐकलं.

ऑगस्टमध्ये शेवटची खुली फेरी लागली. नाना पुनमला घेऊन आले. मी खुर्ची पुढं केली, पण ते माझ्या बाजूला आलेच नाहीत. वडिलांच्या बाजूला टॉवेलांच्या थप्पीशेजारी जाऊन बसले.

"तिना फॉर्म शे," ते म्हणाले. "तिले इचारा."

मी कळफलक तिच्यापुढं सरकवला. तिनं शांतपणे एकच नाव शोधलं आणि पहिल्या रकान्यात टाकलं. बाकीचे नऊ तसेच सोडले. मी वाचलं. धुळ्याचं कॉलेज.

"पुनम, जळगावच्या त्या मोठ्या कॉलेजात अजून चार जागा दिसतायत," मी म्हणालो. "तुझ्या टक्क्यांना सहज लागेल. चुकून तर नाही ना टाकलंस?"

"नही," ती म्हणाली. "माले पहिलापासून धुयेच पाहिजे व्हतं."

नाना थप्पीमागून उठून उभे राहिले. दोन महिने ओट्यावर बैठका झाल्या, पन्नास माणसांनी मत दिलं, दोंडाईच्यापर्यंत जाऊन आलो, आणि हिला पहिल्यापासून धुळे हवं होतं. "आनि तू बोलनी काबर नही?" त्यांनी विचारलं.

"तुमी इचारं काबर नही?"

नाना जवळ आले. "मनी चूक व्हयनी," ते म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकलेली माणसं खानदेशात आम्ही तिघंच असू. "पन धुये काबर? जयगावले मामा शेतस, मावश्या शेतस, बठ्ठा आपला लोके शेतस."

"तेच ना, नाना," पुनम म्हणाली. आता ती थांबली नाही. "जयगावमा आपला सतरा घर शेतस, मी मोजेल शेतस. एकना घर गयी का दुसराले राग. रविवारे बारसं, सोमवारे साखरपुडा. मामी सांगी, जराशी पोया लाट. काका सांगी, अभ्यास काय रोजच शे. मी डॉक्टर कव्हय व्हसू? धुयामा आपलं कोनीच नही. म्हनीसन धुये."

माझे वडील, ज्यांनी आयुष्यभर पाहुण्यांच्या खांद्यावर पोट भरलं, ते हळूच म्हणाले की पोरगी बोलते त्यात खोटं काही नाही. नाना मात्र दुखावले होते. त्यांचा चेहराच सांगत होता. साऱ्या आयुष्यात त्यांनी जी माणसं जोडली, सांभाळली, ओळीनं लावली, त्यांच्यापासून त्यांच्या लेकीला लांब पळायचं होतं. मला दोघांचंही वाईट वाटलं. मग नानांनी मानेनं मला खूण केली आणि मी बटण दाबलं.

धुळ्याची जागा लागली. नाना एकटेच तिला सोडायला गेले. वसतिगृह शहराच्या देवपूर भागात. गादी, बादली, पुस्तकं, कमलबाईंनी दिलेला शेवेचा डबा, सगळं लावून ते निघाले.

चार दिवसांनी ते आमच्या दुकानात आले. वडिलांनी चहा मागवला. नाना मला म्हणाले की एक गोष्ट सांगतो, पण कमलबाईंना सांगायची नाही. वसतिगृहातून बाहेर पडून ते स्टँडकडं चालले होते. तिसऱ्याच गल्लीत, दारात खुर्ची टाकून, चिंधाभाऊ बसलेले. चिंधाभाऊ म्हणजे कमलबाईंच्या मामेभावाचे साडू. नोकरीतून निवृत्त होऊन तिथं घर बांधलं होतं, नानांच्या ध्यानातच नव्हतं. मोठा मायाळू माणूस. त्याला कळलं असतं तर त्यानं त्याच दिवशी पुनमला जेवायला बोलावलं असतं, आणि मग रोज.

"मंग?" मी विचारलं.

"टोपी काढी, पिशवीमा टाकी, आनि रस्ताना दुसरा बाजूतून चालू लागनू," नाना म्हणाले. "तरी त्यानी वळखं. 'ओ झुलालनाना' म्हनीसन हाक मारी. दोनदाव."

"आणि तुम्ही?"

"मी मांगे देखं नही." त्यांनी चहाचा कप उचलला, पण तो तोंडाला न लावताच खाली ठेवला. "चोपन्न वरीसमा पहिलांदा. पोरना अभ्यास शे."